गिअर बॉक्सखालचा तेलाचा डाग

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण. बोलणाऱ्या ताई आपल्या गावच्या महिला गटाची अवजार बँक सांभाळतात.)



आमच्या गटाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर वीडर उभा असतो आणि त्याच्या पोटाखाली रोज रात्री एक पुठ्ठा सरकवलेला असतो. नवीन बाई शेडमध्ये आली की विचारते, "हे काय गं, मशिनला अंथरूण कशाला?" मी म्हणते, हा आमचा पेपर आहे. सकाळी आधी हा वाचायचा, मग मशिनला हात लावायचा.

हा पेपर वाचायला आम्ही हौसेनं शिकलो नाही. दोन वर्षांमागची गोष्ट आहे. जुलै महिना, सोयाबीन वीस-पंचवीस दिवसांचं, कापसातही तण माजलेलं, आणि पावसानं चार दिवस उघडीप दिलेली. वीडरसाठी वहीत नंबर लागलेले. मशिन चालवायची आमच्यातली सगळ्यांत लहान, आम्ही तिला धाकटीच म्हणतो. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "आक्का, रोटरच्या बाजूनं तेल ओघळतंय." मी गटाची सचिव. माझ्या डोळ्यांसमोर वही, बँकेचा हप्ता आणि आभाळ. मी म्हटलं, "थेंबभर तेलानं काय होतंय? एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू." हे वाक्य माझं आहे बायांनो. ते मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

आठवडाभरात थेंबाची धार झाली. तालुक्याच्या गावी एका वर्कशॉपात मशिन नेलं. त्यांनी ऑइल सील बदलली. आठ दिवसांनी पुन्हा तेल. पुन्हा नवीन सील. पुन्हा तेल. तिसऱ्या खेपेला मेस्त्रीनं मान हलवली आणि म्हणाला, "पूर्ण गिअर बॉक्स बदला. चालवणाऱ्या बाईनं दगडाधोंड्यात घालून वाट लावलीय." त्यानं सांगितलेला आकडा आमच्या गटाच्या चार महिन्यांच्या बचतीएवढा होता.

त्या रात्री बैठक बसली. कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण धाकटीकडे कुणी बघेना. शेवटी एक जण म्हणाली, "पुढच्या वर्षापासून माझ्या पोराला चालवू द्या, बाईमाणसाचं काम नव्हे ते." धाकटी खाली मान घालून बसली होती. तेल गळतंय हे पहिल्यांदा तिनंच सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. मीसुद्धा त्या वेळी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं आपल्या मामांना बोलावून घेतलं. मामांनी ट्रॅक्टरच्या गॅरेजात उमर घालवलेली. ते आले, मशिनला हातही न लावता त्यांनी विचारलं, "तेल कुठून येतंय?" आम्ही म्हटलं, रोटरवरून. ते म्हणाले, "रोटरवरून पडतंय ते मला दिसतंय. येतंय कुठून?"

ह्या प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं, ते आज सांगते.

आधी मशिनच्या पोटात काय आहे ते बघू. इंजिन फिरतं, त्याची ताकद क्लचमधून एका शाफ्टवर येते, म्हणजे पोलादी दांड्यावर. तो दांडा गिअर बॉक्समध्ये शिरतो, तिथे दातेरी गिअर ती ताकद आडवी वळवतात आणि रोटरचा दांडा फिरवतात. त्या दांड्याच्या दोन्ही टोकांना माती उकरणारी पाती. काही वीडरमध्ये आत चेन असते, पण आमच्यासारख्या मशिनमध्ये शाफ्ट आणि गिअर. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींना चेन असते, म्हणून आपल्याला चेन ठाऊक. पण शाफ्टवर चालणाऱ्या मोटारसायकलीही आहेत. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनं 1923 साली पहिली मोटारसायकल काढली तीच शाफ्टची होती. तिच्याही मागच्या चाकापाशी असाच गिअर बॉक्स, तिथेही सील आणि बेअरिंग, आणि अशा गाड्या वापरणारे लोकही मागच्या चाकापाशी तेलाचा डाग आणि चाकाची डुगडुग हेच दोन बघत असतात. तेव्हा आपलं दुखणं काही खेडवळ नाही, हे लक्षात ठेवा.

आता बेअरिंग. दोन पोलादी बांगड्या, एकीच्या आत दुसरी, आणि दोघींच्या मधे गुळगुळीत गोळ्या. आतली बांगडी दांड्यावर घट्ट, बाहेरची गिअर बॉक्सच्या भिंतीत घट्ट. गोळ्यांमुळे दांडा फिरतो, पण डुलत नाही. ऑइल सील म्हणजे रबराची कडी. तिला आतून एक पातळ ओठ असतो, ओठाच्या मागे केसासारख्या बारीक स्प्रिंगचा वेढा. तो ओठ फिरत्या दांड्याला टेकून असतो. आतलं तेल बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचा चिखल आत येऊ द्यायचा नाही, अशी दोन्हीकडची राखण त्याच्याकडे.

गंमत अशी, की ही दोघं एकमेकांच्या जिवावर असतात. बेअरिंग झिजलं की दांडा डुलतो. डुलणारा दांडा सीलच्या ओठाला एका बाजूला दाबतो, दुसऱ्या बाजूला फट पाडतो. तिथून तेल येतं. सील नवी घातली तरी दांडा तोच डुलणारा, मग ती आठ दिवसांत जाणारच. आणि उलटही होतं. सील आधी फाटली तर तेल कमी होतं, चिखल आत जातो आणि चांगलं बेअरिंग खराब होतं. जात्याची मधली खीळ झिजली की वरचा दगड डुगडुगतो आणि पीठ एकीकडे जाड, एकीकडे बारीक पडतं, तशातलाच हा प्रकार. दगडाला टाकी लावून उपयोग नसतो, खीळ बदलावी लागते.

म्हणून मामांनी पहिलं काम दिलं ते धुण्याचं. मशिन बंद, थंड झालेलं, पेट्रोलचा कॉक बंद. प्लगची टोपी काढून बाजूला बांधलेली, म्हणजे हातानं रोटर फिरवला तरी इंजिन चुकून सुरू होणार नाही. हे आधी करायचं, मग बाकीचं. रोटरची पाती बोट तोडतात. पदर खोचलेला, ओढणी नाही. मग केरोसीन किंवा डिझेलमध्ये फडकं भिजवून सगळा गिअर बॉक्स पुसून काढायचा. पेट्रोलनं धुवायचं नाही, एक ठिणगी पुरे होते. आणि पाण्याचा जोराचा फवारा तर सीलवर कधीच मारायचा नाही, तो ओठ उचलून आत शिरतो.

कोरडं झाल्यावर बाळाच्या अंगाला लावतो ती पावडर घ्यायची आणि फडक्यानं सगळीकडे भुरभुरायची. आमच्याकडे हसले लोक. म्हणाले, आता काजळही लावा. पण पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ अशी उमटते, की डोळे अधू असलेल्या काकूंनाही दिसते. मग टोपी लावून इंजिन सुरू करून दहा मिनिटं चालवायचं, रोटर जमिनीला न टेकवता आणि सगळ्यांनी लांब उभं राहून. बंद करायचं, पुन्हा टोपी काढायची, आणि बॅटरीच्या उजेडात बघायचं. नियम एकच. तेल खाली ओघळतं, म्हणून जो ओला ठिपका सगळ्यांत वर असेल तिथून ते येतंय.

तो ठिपका कुठे आहे त्यावर पुढचं सगळं. गिअर बॉक्सच्या दोन भागांच्या जोडावर असेल तर बहुतेक वेळा बोल्ट ढिले झालेले असतात किंवा पॅकिंग गेलेलं असतं. बोल्ट आवळताना एका बाजूनं ओळीनं आवळू नका, समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. खालच्या ड्रेन नटावर असेल तर वायसर बदला, पाच मिनिटांचं काम. इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मधोमध असेल तर मात्र दोन शक्यता. इंजिनची सील किंवा गिअर बॉक्सच्या तोंडाची सील. दोन्हींचं तेल वेगळं असतं. आमच्या मशिनच्या गिअर बॉक्सला नव्वद नंबरचं जाड तेल लागतं, त्याला एक उग्र, गंधकासारखा वास असतो. इंजिनचं तेल पातळ, आणि वापरलेलं असेल तर काळं. वासावरून कळलं नाही तर दोन्हींची पातळी खुणेनं बघून ठेवा, जी उतरेल तिथली गळती. हे तेल क्लचवर गेलं तर क्लच घसरतो. इंजिन ओरडतं आणि मातीत रोटर थांबतो. तुमच्या मशिनला कुठलं तेल लागतं ते पुस्तिकेत छापलेलं असतं, पुस्तिका कपाटात कुलपात ठेवू नका.

आणि ठिपका वरच्या बाजूला, तेल भरायच्या बुचाजवळ असेल तर? इथे थोडं थांबते. ह्या एका गोष्टीपायी किती जणींनी पैसे घालवलेत! गिअर बॉक्सला वर एक बारीक भोक असतं, कधी बुचातच, कधी छोट्या नळीला. मशिन तापलं की आतली हवा फुगते, ती ह्या भोकातून बाहेर जाते. चिखलानं ते बुजलं की हवा कोंडते आणि जिथे जागा मिळेल तिथून तेल बाहेर ढकलते, म्हणजे सीलच्या ओठाखालून. कुकरच्या शिट्टीचं भोक डाळीनं बुजलं की वाफ रिंगेतून येते. आपण म्हणतो रिंग खराब. रिंग चांगलीच असते! बारीक तारेनं ते भोक साफ करा, तेवढ्यानं गळती थांबली तर एक पैसाही लागला नाही. तसंच तेल गळ्यापर्यंत भरलं तरी ते बाहेर येतं. जास्त घातलेलं बरं, असं मशिनमध्ये नसतं. पातळी बघताना वीडर सपाट जागेवर, सरळ उभा हवा. आमच्यातली एक जण तो चाकावर कललेला असतानाच भरायची, आणि दर वेळी तेल जास्त व्हायचं.

आमच्या मशिनचं भोक साफ होतं. पातळी जास्त नव्हती, उलट खूपच कमी होती. पावडरीवर रेघ उमटली ती डाव्या बाजूला, रोटरचा दांडा जिथून बाहेर येतो बरोबर तिथे. म्हणजे सील. पण सील तर आठ दिवसांपूर्वीची नवी.

मामांनी धाकटीला डाव्या बाजूचा पात्यांचा संच काढायला सांगितला. पिन काढली, संच ओढला, आणि मागून जे निघालं ते बघून आम्ही सगळ्या गप्प. हराळीच्या मुळ्या, खताच्या पोत्याची नायलॉनची सुतळी आणि ठिबकच्या नळीचा तुकडा, असं सगळं मिळून दांड्याभोवती वळलेलं कडं. दोरखंडासारखं घट्ट. तापून वितळून चिकटलेलं. नायलॉनचा दोरा फिरता फिरता आत सरकत जातो आणि सीलचा ओठ सुरीसारखा कापतो. वर्कशॉपात दोन वेळा सील बदलली, पण हे कडं पुरतं काढलेलं दिसत नव्हतं. आणि आम्हीही कधी पातं काढून बघितलं नव्हतं. वरून धुतलं की मशिन स्वच्छ, अशी आमची समजूत.

कडं कापून काढलं. मग मामा म्हणाले, आता प्ले बघा. प्ले म्हणजे ढिलाई. इथे एक फसगत आहे, ती नीट ऐका. पात्यांचा संच दांड्यावर फक्त पिनेनं अडकवलेला असतो, तो थोडा ढिला असतोच. तो लावलेला असताना हलवून बघाल तर नवं मशिनही खराब वाटेल. म्हणून संच काढून नुसता दांडा धरायचा. दांडा पुढे-मागे फिरवला तर दोन गिअरच्या दातांमधली थोडी मोकळीक जाणवते, ती असायचीच. तिला घाबरू नका. पण दांडा दोन्ही हातांनी वर-खाली हलवायचा, आणि दुसऱ्या बाईनं दांडा आणि गिअर बॉक्सच्या सांध्यावर बोट ठेवायचं. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला कळतं. आमच्या मशिनचा उजवा दांडा जागचा हलला नाही. डावा हलवला तेव्हा बोटाखाली टक, टक, टक. माझंच बोट होतं ते.

कान आणि हातही कामाला येतात. बेअरिंग जायला लागलं की आवाज बदलतो. गिअरचा आवाज सारखा, गुणगुणल्यासारखा असतो. बेअरिंगचा खरखरतो, जात्यात खडा आल्यासारखा, आणि वेग वाढवला की तोही वाढतो. लांब लाकडी दांड्याचं एक टोक गिअर बॉक्सच्या भिंतीला, दुसरं कानाजवळ लावलं की डावं-उजवं कळतं. हे पाती काढून आणि सायलेन्सरपासून लांब राहूनच करायचं. काम संपल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. एकीकडे नुसता वाळला आणि दुसरीकडे चर्र झाला, तर दुसऱ्या बाजूला बघायला हवं.

मग तेल काढलं. एका पांढऱ्या, जुन्या स्टीलच्या ताटात. तेही वाचता येतं बरं का. दुधाळ, ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. तापलेलं मशिन कालव्यात किंवा पाटात धुवायला घातलं की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. तेव्हा आधी थंड होऊ द्यावं. तेलात बोटांत चोळल्यावर जाणवणारी चकचकीत करडी पूड नवीन मशिनमध्ये थोडी असते, गिअर एकमेकांना बसत असतात. पण नखाएवढ्या चकत्या, तुकडे दिसले तर मशिन तिथेच थांबवायचं, एक फेरीही मारायची नाही. लोहचुंबक फिरवून बघा. चिकटलं ते पोलाद, गिअरचं किंवा बेअरिंगचं. न चिकटलेलं पिवळं असेल तर पितळ, बुशचं किंवा बेअरिंगच्या पिंजऱ्याचं. आमच्या ताटात तेल जेमतेम वाटीभर, काळपट, त्यात माती, आणि चुंबकाला दाढी फुटल्यासारखी बारीक पूड. तुकडा मात्र एकही नाही.

तुकडा नाही म्हणजे गिअर तुटलेले नाहीत, मामा म्हणाले. ह्यावर आमचे डोळे चमकले. गिअर शाबूत असेल तर सगळा गिअर बॉक्स कशाला बदलायचा?

झाकण उघडलं. गिअरचे दात बॅटरीच्या उजेडात एकेक बघितले, शाबूत. डावं बेअरिंग मामांनी ओढून काढलं, केरोसीनमध्ये धुतलं, वाळवलं आणि आमच्या हातात दिलं. "फिरवा." बोटांना वाळूसारखं लागत होतं. जुनं बेअरिंग आपली कथा सांगतं. त्यावर गंजाचे ठिपके असतील तर पाणी, निळी-जांभळी झाक असेल तर तेलावाचून तापलेलं, राखाडी ओरखडे असतील तर माती. आमच्यात ओरखडे होते आणि एका बाजूला निळी झाक. मामांनी धाकटीकडे बघून विचारलं, "दगडावर आपटलं होतं का?" ती म्हणाली, "नाही." ते म्हणाले, "मला पण तसं दिसत नाही. आपटलं असतं तर गिअरचा दात तरी उडाला असता, नाहीतर दांडा वाकला असता. हे उपाशी मेलंय. आधी सुतळीनं सील कापली, मग तेल गेलं, मग माती आली. पहिल्यांदा गळायला लागलं तेव्हाच थांबला असता तर एका सीलवर भागलं असतं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या नाहीत, कारण त्यांना माहीतच नव्हतं. मग मी सांगितलं. म्हटलं, पहिल्या दिवशी धाकटीनं मला सांगितलं होतं, मीच म्हटलं हंगाम जाऊ दे. जिनं पोराला चालवू द्या म्हटलं होतं, ती उठून चहा करायला गेली. त्यावर पुढे कुणी काही बोललं नाही आणि तेच बरं झालं.

आता बाजारात जायचं. इथे एक हिशोब सांगते, तो वहीत लिहून घ्या. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा 6205. शेवटचे दोन आकडे 05, त्यांना पाचानं गुणा, पंचवीस. म्हणजे आतलं भोक पंचवीस मिलिमीटरचं. 6204 असेल तर वीस. शेवटचे आकडे 04 किंवा त्याहून मोठे असले की हा हिशोब बसतो. नंबरच्या पुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबराचं झाकण, झेडझेड असेल तर पत्र्याचं. जसं जुनं तसंच नवं मागायचं. सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. हे नंबर म्हणजे साडीचा रंग नव्हे, की जवळपासचा चालेल. जुने दोन्ही नग रुमालात बांधून न्या आणि दुकानदाराच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. धाकटी गेली, तिनं नंबर सांगितला. दुकानदार म्हणाला, "कुठल्या मेस्त्रीनं पाठवलं?" ती म्हणाली, "मीच मेस्त्री."

बेअरिंग बसवण्याचं काम मामांनी केलं, पण आम्ही बघितलं आणि तुम्हीही मेस्त्रीच्या शेजारी उभं राहून बघावं. बेअरिंगवर सरळ हातोडा मारत असेल तर थांबवा. दांड्यावर चढवताना आतल्या बांगडीवर, भिंतीत बसवताना बाहेरच्या बांगडीवर बरोबर मापाचा पाइपाचा तुकडा ठेवून ठोकायचं. चुकीच्या बांगडीवर मारलं तर मार गोळ्यांना बसतो आणि नवं बेअरिंग बसवतानाच जुनं होतं. सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. ओठाला आधी बोटानं ग्रीस लावायचं, कोरडा ओठ पहिल्या मिनिटातच करपतो. आणि दांड्यावर जिथे ओठ टेकतो तिथे नख फिरवून बघा. आमच्या दांड्यावर बारीक खाच पडली होती, नख अडकत होतं. त्या खाचेवर नवी सील पुन्हा गळली असती. जागा होती म्हणून मामांनी सील दोन मिलिमीटर अलीकडे बसवली, ओठ कोऱ्या जागेवर आला. सगळ्याच मशिनमध्ये एवढी जागा नसते.

एक बेअरिंग, दोन्ही बाजूंच्या सील, पॅकिंग आणि नवं तेल. मामांना आग्रह करून मजुरी दिली. सगळं मिळून गिअर बॉक्सच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शालाही पोचलं नाही. पण हंगामाचे अकरा दिवस गेले ते गेलेच. तेवढ्यात पाऊस आला, आणि तीन जणींच्या रानात शेवटी मजूर लावून खुरपणी करावी लागली. त्यांचं नुकसान भरून द्यायला गटाकडे काही नव्हतं. पुढच्या हंगामात त्यांचा नंबर वहीत सगळ्यांच्या आधी लावला, एवढंच करता आलं.

त्या वर्कशॉपवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याच्या दारात हंगामात वीस मशिनं उभी असतात, त्याला कडं सोडवत बसायला वेळ नसतो, अख्खा गिअर बॉक्स बदलणं त्याला सोपं. पण चालवणाऱ्या बाईचं नाव त्यानं न बघता घेतलं, ते मला अजून टोचतं.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगते. रोज काम संपलं की दोन्ही बाजूंचे पात्यांचे संच निघतात, दांड्यावर अडकलेलं गवत-सुतळी विळ्यानं कापून निघते. पाच-सात मिनिटं लागतात. रानात शिरण्यापूर्वी शेताच्या मालकिणीनं पोत्याच्या सुतळ्या आणि मल्चिंगचे तुकडे वेचून ठेवायचे, नाहीतर मशिन बांधावरच थांबतं. ह्यावरून दोनदा भांडणं झाली, तरी नियम आहे तसाच आहे. आठवड्याला तेलाची पातळी आणि वरचं भोक. पहिल्या बदलानंतर तेल किती तासांनी बदलायचं तो आकडा पुस्तिकेतून काढून शेडच्या भिंतीवर खडूनं लिहिलाय. काढलेलं तेल कॅनमध्ये साठवतो, विहिरीजवळ किंवा रानात ओतत नाही, आणि हात साबणानं धुतो. काळं तेल कातडीला चांगलं नसतं.

आणि पुठ्ठा. सकाळी त्यावर रुपयाएवढा डाग दिसला की वहीत तारीख आणि बाजू लिहायची, डावी की उजवी की मधली. डाग असेल त्या दिवशी मशिन बाहेर काढायचं की नाही, हे आता सचिव ठरवत नाही. चालवणारी ठरवते. ह्या वर्षी जूनमध्ये धाकटीनं एकदा मशिन अडवलं, पेरणीनंतरची पहिली कोळपणी होती, बायका चिडल्या. ड्रेन नटाचं वायसर निघालं. दुपारी बारापर्यंत मशिन रानात.

तुमच्या गटाच्या मशिनखाली आज रात्री पुठ्ठा टाका आणि सकाळी काय दिसलं ते आपल्या केंद्राच्या फोनवर कळवा. डाग कुठे, केवढा, रंग कुठला, एवढं सांगा. पुढच्या मंगळवारी धाकटी माझ्यासोबत इथे येणार आहे, तुमच्या प्रश्नांना तीच उत्तरं देईल. येते मी. नमस्कार.